बारा फंड, बहात्तर लाख: कोणता विकायचा हे सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, पुण्यात खासगी नोकरी, घरखर्च महिन्याला ६५,००० रुपये, गृहकर्ज फिटलेलं. म्युच्युअल फंडांच्या १२ योजनांत मिळून ४२ लाख, पीएफमध्ये १६ लाख, पीपीएफमध्ये ८ लाख, बँकेत ६ लाखांच्या ठेवी. एसआयपी (दरमहा ठरलेला हप्ता) महिन्याला ४०,०००. मुलगी यंदा दहावीत गेली, तिच्या पुढच्या शिक्षणाला तीन वर्षांनी १२ लाख लागतील. "बारापैकी कोणते ठेवू, कोणते काढू, आणि रिबॅलन्सिंग (शेअर बाजारातला आणि बाकीचा पैसा पुन्हा ठरल्या प्रमाणात आणणं) वर्षातून किती वेळा करू?"

कोणता फंड विकायचा हा प्रश्न सगळ्यात सोपा आहे आणि तो शेवटी येतो. आधी हे ठरायला हवं की यातला कुठला पैसा कशासाठी आहे आणि त्या कामासाठी शेअर बाजारात किती टक्के असावेत. ते न ठरवता बाराचे पाच केले तर दोन वर्षांत पुन्हा दहा होतात, कारण दर वर्षी यादीत वर आलेला नवा फंड खुणावत राहतो.

तुम्ही लिहिलंय की "माझं जवळजवळ सगळं इक्विटीत (शेअर बाजारात) आहे". तसं नाही. पीएफ आणि पीपीएफ बरेच जण हिशोबात धरतच नाहीत, पण तो तुमचाच पैसा आहे आणि स्थिर उत्पन्नाचा आहे. ७२ लाखांपैकी ४२ लाख म्हणजे ५८ टक्के इक्विटी.

आता कामं वेगळी करू. घरखर्चाचे सहा महिने म्हणजे जवळपास ४ लाख हातचे राखायचे, ठेवींतच. तुमच्या घरात दुसरा पगार येत असेल तर तीन-चार महिन्यांचा खर्चही चालेल. आईवडिलांचा दवाखाना तुमच्यावर असेल किंवा नोकरी डळमळीत असेल तर सहाचे नऊ करा. उरलेल्या २ लाखांच्या ठेवी मुलीच्या नावावर मांडा. ठेव तुमच्याच नावावर राहील, फक्त हिशोबाच्या वहीत तिच्या रकान्यात.

तिच्यासाठी आणखी १० लाख हवेत. ४०,००० च्या एसआयपीतले २०,००० आजपासून आवर्ती ठेवीकडे वळवा. ३६ हप्त्यांचे ७.२ लाख होतात. साडेसहा टक्के व्याज धरलं आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातला कर वजा केला तर हातात साधारण ७.७ लाख येतील. २ लाखांच्या ठेवीचे तसेच २.३ लाख. मिळून १० लाख झाले, २ कमी पडले. ते स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांच्या) फंडांतून काढू, त्याचा हिशोब खाली आहे. खरं तर सगळी फी पहिल्याच दिवशी भरायची नसते, शेवटच्या वर्षाची फी सहा वर्षांनी येईल. त्यामुळे लाखभर इकडेतिकडे झालं तर घाबरायचं कारण नाही. पण पहिल्या दोन वर्षांची फी मात्र बाजारावर सोडू नका. जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या आसपास असलेला निफ्टी २४ मार्चला ७,५११ पर्यंत आला होता, म्हणजे दोन महिन्यांत जवळपास ४० टक्के गेले. पुढे तो सावरला, पण फी भरायची तारीख त्यासाठी थांबत नाही.

डेट फंड (कर्जरोख्यांत पैसे घालणारा) चालेल का, असं तुम्ही विचाराल. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणेच कर लागतो. एफडीच्या तुलनेत फायदा इतकाच की कर विकतानाच भरावा लागतो आणि टीडीएस कापला जात नाही. तीन वर्षांसाठी मी ठेवच सांगेन. मात्र एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो, त्यामुळे रक्कम दोन बँकांत विभागा. सहकारी बँकेतल्या ठेवीला हा विमा लागू आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून मुलीच्या शिक्षणाचे पैसे पतसंस्थेत ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हा पैसा त्यासाठी नाही.

मग निवृत्तीसाठी उरलं काय? फंडांतले ४२ मधून २ काढले की ४०, आणि पीएफ-पीपीएफचे २४. एकूण ६४ लाख, त्यात इक्विटी साडेबासष्ट टक्के. चव्वेचाळिशीला, निवृत्तीला १४-१६ वर्षं असताना, ६० टक्के लक्ष्य आणि ५५ ते ६५ हा पट्टा मला योग्य वाटतो. हा काही नियम नाही. कसोटी अशी लावा की ४० लाखांचे २० झाले तर झोप लागेल का? २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या वरून दहा महिन्यांत २,३०० च्या खाली आला होता, म्हणजे अर्ध्याहून जास्त पडझड खरोखर झालेली आहे. तुमचे ६४ चे तेव्हा ४४ दिसतील. हा आकडा कागदावर लिहून बायकोला दाखवा. दोघांनाही तो सोसवत नसेल तर लक्ष्य ५० टक्के ठेवा, त्यात कमीपणा काहीच नाही. तळाला घाबरून विकण्याचं नुकसान दहा टक्के कमी इक्विटी ठेवण्यापेक्षा कितीतरी मोठं असतं.

म्हणजे तुमचा ढोबळ मेळ बरोबर आहे. बिघाड आहे तो इक्विटीच्या आत. तुम्ही दिलेले आकडे असे: दोन लार्ज कॅप फंडांत ७ लाख (त्यातला एक इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा), तीन फ्लेक्सी कॅपमध्ये (लहानमोठ्या कोणत्याही कंपन्या घेऊ शकणारे) १३, दोन मिड कॅपमध्ये ८, तीन स्मॉल कॅपमध्ये १०, एका ईएलएसएसमध्ये (कर वाचवण्यासाठीचा फंड) अडीच आणि एका तंत्रज्ञान फंडात दीड. मिड आणि स्मॉल मिळून १८ लाख, ४२ च्या ४३ टक्के. तुमच्या फ्लेक्सी कॅप फंडांतही थोडे मिड-स्मॉल शेअर असणार, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्त. सेबीच्या वर्गवारीत बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज, १०१ ते २५० मिड आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल. स्मॉल कॅप फंडाला किमान ६५ टक्के पैसे त्या शेवटच्या गटात ठेवावेच लागतात. बाजार पडला म्हणून व्यवस्थापक तिथून पळू शकत नाही, आणि पडत्या बाजारात त्या शेअर्सना गिऱ्हाईक मिळत नाही. त्यामुळे मिड-स्मॉल मिळून इक्विटीच्या ३० टक्क्यांवर मी जात नाही.

दुसरा बिघाड म्हणजे खोगीरभरती. तीन फ्लेक्सी कॅप म्हणजे तिप्पट विविधता, असं वाटतं. तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक फंड दर महिन्याला आपली पूर्ण यादी जाहीर करतो. दोन फंडांच्या याद्या शेजारी ठेवा आणि दोन्हींत असलेल्या प्रत्येक कंपनीपुढे दोनपैकी लहान टक्केवारी लिहा. समजा एचडीएफसी बँक एकात ८ टक्के आणि दुसऱ्यात ६ टक्के असेल, तर ६ लिहायचे. आयसीआयसीआय बँक ५ आणि ७ असेल तर ५. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या दोन फंडांतला सामाईक भाग. बेरीज ५० च्या वर गेली तर तुम्ही एकाच मालाचे दोन खर्च भरताय. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते स्वतः करा, कारण त्या याद्या एकदा डोळ्यांखालून घातल्या की नव्या फंडाच्या जाहिरातीचं आकर्षण बरंच ओसरतं.

शेवटी ठेवायचं काय? एक निफ्टी इंडेक्स, एक फ्लेक्सी (फार तर दोन, सामाईक भाग कमी असेल तर), एक मिड, एक स्मॉल. तीन स्मॉल कॅपपैकी कोणता, याचा निर्णय मागच्या एका वर्षाच्या परताव्यावर घेऊ नका. निदान सात वर्षांचा काळ घ्या आणि त्यातला प्रत्येक तीन वर्षांचा तुकडा लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी ताडून बघा. व्यवस्थापक मध्येच बदलला असेल तर जुना आकडा नव्या माणसाचा नसतो, हेही लक्षात घ्या. दोन फंड तुल्यबळ निघाले तर ज्यात तुमचा नफा कमी तो आधी काढा, कर कमी लागेल.

आता मूळ मुद्दा, काढायचं कसं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिलं पाऊल विक्रीचं नाहीच. नको असलेल्या योजनांची एसआयपी बंद करा. त्याला कर नाही, एक्झिट लोड (लवकर विकल्याबद्दल फंड कापतो ते शुल्क) नाही, जुनी युनिटं जिथे आहेत तिथे राहतात. उरलेले २०,००० इंडेक्स आणि फ्लेक्सीकडे वळवा. ईएलएसएसची एसआयपीही थांबवा. नव्या करप्रणालीत ८०सीची वजावट नाही, आणि ईएलएसएसच्या प्रत्येक हप्त्याला स्वतंत्र तीन वर्षं कुलूप असतं, त्यामुळे आज भरलेला हप्ता तीन वर्षं हलणार नाही.

दुसरं म्हणजे "स्विच" हीसुद्धा विक्रीच आहे. ॲपवर एका फंडातून दुसऱ्यात बोटाने ढकललं, पैसे बँकेत आले नाहीत, म्हणून कर नाही असं कित्येकांना वाटतं. त्याच फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून (ज्यात वितरकाचं कमिशन असतं) डायरेक्टमध्ये (ज्यात ते नसतं) गेलात तरी ती कराच्या दृष्टीने विक्री आणि नवी खरेदी असते. तुमचे बाराही फंड रेग्युलर आहेत. दोन प्लॅनमधला खर्चाचा फरक पाऊण टक्का धरला तर ४२ लाखांवर वर्षाला ३१,५०० रुपये होतात, तेव्हा डायरेक्टकडे जावं असं वाटणं रास्त आहे. नव्या एसआयपी आजच डायरेक्टमध्ये सुरू करा. जुनी युनिटं मात्र खालच्या रीतीने, दमाने.

इक्विटी फंड १२ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर एका आर्थिक वर्षातला सगळा मिळून १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त, त्याहून जास्त नफ्यावर १२.५ टक्के, उपकरासह १३. बारा महिन्यांच्या आत विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. करमुक्त आहे तो नफा, विक्रीची रक्कम नाही, हे नीट समजून घ्या. समजा तुमच्या एका स्मॉल कॅप फंडात आज ४ लाख आहेत आणि घातलेत २.४ लाख. सरासरी नफा विक्रीच्या ४० टक्के. त्या हिशोबाने ३ लाख १२ हजारांची विक्री केली तरी नफा १.२५ लाखांत बसेल, असं वाटतं. बसत नाही. फंडात आधी घेतलेलं युनिट आधी विकलं जातं. २०१९ मध्ये ४० रुपयांना घेतलेलं युनिट आज १०० ला जात असेल तर तिथे नफा ६० टक्के आहे, ४० नाही. मग करमुक्त मर्यादेत विक्री बसते ती २ लाखांच्या थोडी वर. नेमकी तेवढीच आपल्याला मुलीसाठी हवी आहे. विक्रीआधी फंड हाऊसकडून किंवा रजिस्ट्रारकडून (फंडांचे खातेहिशोब ठेवणारी संस्था) युनिटवार नफ्याचा तक्ता मागवा आणि त्यावरून आकडा काढा, सरासरीवरून नको. युनिटं ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची असतील तर खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) धरता येते (मूळ किंमत तिच्याहून कमी आणि विक्रीची किंमत जास्त असेल तर), म्हणजे नफा आणखी कमी दिसतो.

वर्षाची मर्यादा ३१ मार्चला संपते आणि १ एप्रिलला नवी सुरू होते. म्हणून मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा विकलं तर महिन्याभरात दोन वर्षांची सूट वापरता येते. फक्त मार्चची विक्री ३० तारखेवर ठेवू नका. दुपारी ३ ची वेळ चुकली, मध्ये सुट्टी आली, तर एनएव्ही नव्या वर्षाची लागते आणि सगळं गणित चुकतं. २० मार्चच्या आत उरका.

तंत्रज्ञान फंडात घातलेल्या १.७ लाखांचे दीड झालेत, म्हणजे २०,००० तोटा. हा तोटा वापरायची एक खुबी आहे. त्याच वर्षी तुमचा दीर्घकालीन नफा १.२० लाखच असेल तर तोटा आधी त्यातून वजा होतो, १ लाख उरतात, पण १.२० लाख तसेही करमुक्तच होते. तोटा फुकट गेला. त्याऐवजी त्याच वर्षी नफा १.४५ लाखांपर्यंत न्या, तोटा वजा जाऊन बरोबर १.२५ राहतील आणि तेवढं जास्त स्मॉल कॅप बिनकराचं बाहेर पडेल. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

हे जमवलं तर चित्र असं दिसतं. यंदा २ लाख मुलीसाठी निघाले, मिड-स्मॉलचे १६ राहिले, ४० च्या ४० टक्के. पुढच्या वर्षी आणखी २ लाख काढून इंडेक्समध्ये. तोवर एसआयपीचे दोन वर्षांत ४.८ लाख मोठ्या कंपन्यांकडे गेले. बाजार हलला नाही असं धरलं तर १४ लाख भागिले ४४.८ लाख, म्हणजे ३१ टक्के. कराचा रुपया न भरता दोन वर्षांत काम झालं. ईएलएसएसचे अडीच लाख आणि दुसरा लार्ज कॅप यांना घाई नाही, पुढच्या वर्षांच्या करमुक्त मर्यादेत एकेक करून जातील.

आता रिबॅलन्सिंग किती वेळा? वर्षातून एकदा बघायचं, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे करमुक्त मर्यादेचा हिशोबही त्याच बैठकीत होतो. आणि इक्विटी ५५ ते ६५ च्या आत असेल तर काहीच करायचं नाही. बहुतेक वर्षी काही करावं लागतही नाही, ते कसं ते बघा. तुमच्या पीएफमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून महिन्याला साधारण २०,००० जमा होतात आणि इक्विटीची एसआयपीही २०,००० ची. समजा वर्षभरात इक्विटी १२ टक्के वाढली: ४० चे ४४.८, त्यात एसआयपीचे २.४, झाले ४७.२ लाख. दुसऱ्या बाजूला २४ लाखांवर ८ टक्के धरले तर २५.९, त्यात जमा २.४, झाले २८.३. एकूण साडेपंचाहत्तर, इक्विटी पुन्हा साडेबासष्ट टक्के. नव्या पैशाने तराजू आपोआप सावरला. दर तिमाहीला विकत-घेत बसणारे कर आणि लोड भरून हेच मिळवतात.

अडचण उलट दिशेला आहे. इक्विटी ३० टक्के पडली तर ४० चे २८, अधिक २.४, म्हणजे ३०.४ लाख. दुसरी बाजू २८.३. इक्विटी ५२ टक्क्यांवर आली, पट्ट्याच्या खाली. पुस्तकी उत्तर असं की डेटमधून काढून इक्विटीत घाला. पण तुमचं डेट म्हणजे पीएफ आणि पीपीएफ, दोन्हीला कुलूप. रिबॅलन्सिंगच्या तक्त्यांत ही गोष्ट कुठे लिहिलेली नसते आणि पगारदार माणसाची गाडी इथेच अडते. मुलीच्या आवर्ती ठेवीला आणि राखीव ४ लाखांना हात लावायचा नाही. म्हणून आतापासून एक पर्याय तयार ठेवा: बोनस किंवा पगारवाढीतून दोन-तीन लाख लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा डेट फंड) साठवा आणि पट्टा तुटला की चार-सहा हप्त्यांत इंडेक्समध्ये हलवा. त्याच कारणाने ऐच्छिक पीएफ वाढवू नका. तुमच्या स्वतःच्या वर्षाच्या २.५ लाखांवरच्या वर्गणीचं व्याज करपात्र आहेच, शिवाय पैसा आणखी अडकतो. पीपीएफ चालू ठेवायला वर्षाला ५०० रुपये भरताय ते पुरेसे आहेत.

सोनं किती, हेही विचारलंत. अंगावरचे दागिने यात धरू नका, ते कुणी विकत नाही. गुंतवणूक म्हणून ५ ते १० टक्के गोल्ड ईटीएफ ठेवायला हरकत नाही, नाही ठेवलं तरी बिघडत नाही.

सुरुवात कुठून? कॅम्स किंवा केफिनटेक या रजिस्ट्रारांच्या साइटवरून पॅन आणि ईमेल देऊन एकत्रित खातेउतारा मागवा, सुरुवातीपासूनचा, सविस्तर. संकेतशब्द तुम्हीच ठरवायचा असतो. फोलिओत (फंडातल्या तुमच्या खात्यात) नोंदवलेला ईमेल आणि तुम्ही देताय तो एकच असावा, नाहीतर जुन्या ईमेलवरचे फोलिओ उताऱ्यात येत नाहीत आणि बाराचे दहाच दिसतात. प्रत्येक फोलिओसमोर वारसदाराचं नाव आणि बँक खातं तपासा. नोकरी बदलताना बंद केलेलं पगाराचं खातं तिथे तसंच राहिलेलं असेल तर विक्रीचे पैसे अडकतात, म्हणून विक्रीच्या आधी महिनाभर ते बदलून घ्या.

सल्लागार घ्यावा का, याचं उत्तर तुमच्या वेळेवर आहे. वरचं सगळं वर्षातून दोन रविवार देऊन तुम्ही करू शकता. तेवढा वेळ नसेल, किंवा घसरणीत हात थरथरतो हे तुम्हाला माहीत असेल, तर ठरावीक फी घेणारा, सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार घ्या. त्याचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर तपासता येतो. एआरएन क्रमांकवाला वितरक असतो, त्याचं कमिशन फंडातून जातं. चांगली सेवा देणारे वितरकही आहेत, पण डायरेक्टमध्ये जायचं की नाही हा प्रश्न त्यांना विचारू नका. पहिल्या भेटीत सल्लागाराने तुमचा पीएफचा आकडा आणि मुलीची इयत्ता न विचारताच फंडांची नावं काढली, तर दुसरा बघा.